उंबऱ्यावरचं पाणी

खोलीत अकरा टेबलं होती, सात माणसं, नकाशांची चार कपाटं, दोन घड्याळं आणि दोन शून्यं. घड्याळांतलं एक बंद होतं. शून्यं मात्र दोन्ही चालू होती, आणि जलमापन कचेरीतल्या सात माणसांपैकी एका तिलाच ती नीट कळत होती. बाकीच्या सहा जणांना आपल्याला ती कळतात असं वाटायचं, आणि तिच्या मते यापेक्षा काहीच न कळणं परवडलं असतं. महायुद्ध कोणी जिंकलं नव्हतं, म्हणून ते संपलंही नव्हतं. दमून खाली बसलं होतं. दमलेल्या दोन सत्तांनी मग बसल्या बसल्या किनारा वाटायला घेतला. अकरा अकरा वर्षांच्या कराराने एकेक बंदर घ्यायचं, तिथे आरमार ठेवायचं, करार संपला की पुन्हा खेचाखेच. गावात त्यांना त्यांच्या लांबलचक नावांनी कोणी ओळखत नसे. आधी आले ते पहिले, नंतर आले ते दुसरे. मग दुसरे गेले आणि पहिले दुसऱ्यांदा आले, तेव्हा गावाने एकदाच काय ते हसून घेतलं, आणि त्यानंतर फार हसण्यासारखं कोणी काही केलं नाही. पहिले समुद्राची उंची सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजत, दुसरे सरासरी पाण्यापासून. या बंदरात त्या दोन शून्यांत सत्तर सेंटिमीटरचं अंतर होतं. सत्ता बदलली की रस्त्यांच्या पाट्या बदलत, शाळेतलं सकाळचं गाणं बदले, आणि या खोलीत सत्तर मिळवायचे की वजा करायचे ते बदले. तिला वाटे, खरा बदल तेवढाच. बाकी रंगकाम.

त्या दिवशी सकाळी जकातीच्या धक्क्यावरची पहारेकऱ्याची टपरी उचलली गेली. दुसऱ्यांनी ती बावीस वर्षांपूर्वी, आल्या आल्या ठेवली होती. आता त्यांचा दुसरा करार संपायला नऊ दिवस उरले होते, दोन्ही सत्तांच्या पाहणी समित्या परवा एकाच दिवशी येणार होत्या, आणि पाहुण्यांना गाव मोकळंढाकळं दिसावं म्हणून पहारा हलवला होता. पहारेकरी दहा पावलांवर भिंतीला टेकून, टपरी नसल्याने काहीसा उघडा पडल्यासारखा उभा होता. टपरीखालच्या पायरीत पितळेची खुंटी निघाली. अंगठ्याएवढी, हिरवी पडलेली. ही खुंटी कधी हलत नाही म्हणूनच ती बसवलेली असते. तिची शून्यापासूनची उंची वहीत लिहिलेली असते, आणि पाण्यात उभी केलेली भरतीची पट्टी नीट बसली आहे की नाही ते या खुंटीवरून ताडून बघतात. बावीस वर्षं कोणी ताडून बघितलं नव्हतं, कारण खुंटीवर टपरी होती आणि टपरीत बंदूक होती. तिने कचेरीतून दुर्बीण आणि तिवई आणली. कोणी सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टीचा आकडा निघू शकतो तो न काढता तिला पुढे जाता येत नसे, एवढंच. खुंटी पट्टीच्या शून्यापासून तीन मीटर वर यायला हवी होती. तीन मीटर सत्तर आली. तिने तिवई दुसरीकडे लावली, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला, पुन्हा बघितलं. तीन सत्तर. दुसरा कुठलाही आकडा आला असता तर ती दचकली नसती. पट्टी खचते, लाकूड झिजतं, धक्का बसतो. पण सत्तर हा आकडा समुद्राने केलेला नव्हता. तो टेबलावर बसून केलेला होता.

कपाटातली जुनी वही तिने कोणालाही न विचारता काढली. तेवीस वर्षांपूर्वी एका ओढबोटीने जुनी पट्टी मोडली होती आणि नवी बसवावी लागली होती, तेव्हाचं पान. तेव्हा राज्य पहिल्यांचं होतं. खुंटीची उंची: ३.००. समासात पेन्सिलीने, कोणा आधीच्या माणसाच्या किडक्या अक्षरात: सत्तर मिळवून. म्हणजे दुसऱ्यांच्या शून्यावरून पहिल्यांच्या शून्यावर आणण्याचं काम आधीच झालं होतं. त्याखाली एक ठळक, उभं, अभिमानी अक्षर, जे तिने स्वतःच्या प्रगतिपुस्तकांवर सह्यांत पाहिलं होतं: अधिक ०.७०, एकूण ३.७०. आधीच झालेली दुरुस्ती वडिलांनी, तेव्हाच्या भरतीमास्तरांनी, पुन्हा केली होती. पट्टीचं शून्य सत्तर सेंटिमीटर जास्तच खाली बसलं. म्हणून तेव्हापासून पट्टीवर पाणी नेहमी सत्तर सेंटिमीटर जास्त दिसत आलं, आणि दोराने मोजलेल्या खोलीतून भरतीचं पाणी वजा करताना दर वेळी सत्तर जास्त वजा होत आले. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडकाचा उंबरा आहे. त्यावरून जायचं तरच आत यायचं. सर्व नकाशांवर त्या उंबऱ्यावर आठ मीटर एक्केचाळीस पाणी होतं. आरमाराच्या मोठ्या जहाजांना नऊ लागतं. तिने मनात बेरीज केली. ती बेरीज करायला शिकलेलं माणूसही लागत नव्हतं.

"मास्तरांची लेक आज उन्हात तपश्चर्या करत होती म्हणे," साहेब म्हणाले.

"खुंटी तपासत होते."

"खुंटी काय पळून जाते?"

नकाशेवाला हसला. साहेब बोलले की नकाशेवाला हसत असे. बावीस वर्षं त्याने नकाशावर एकही रेघ नवीन काढली नव्हती, जुन्याच रेघा दर वर्षी नव्या कागदावर उतरवून खाली नवं साल घातलं होतं, आणि त्यामुळे त्याचा स्वभाव खेळकर राहिला होता. साहेबांच्या खणात दोन भाषणं होती, दोन्ही स्वागताची, दोन भाषांत. समित्यांसाठी दोन खोल्या झाडल्या होत्या, मध्ये एक दार, दाराला दोन्ही बाजूंनी कड्या. शेजारचं बंदर गाळाने भरलं म्हणून दोघांची नजर पुन्हा इकडे वळली होती. करारात एकाच मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं: खोली धरायची ती सर्वांत खालच्या ओहोटीपासून. जहाज सरासरी पाण्यात रुतत नाही, हे दुसऱ्यांच्या नाविकांनाही कळत होतं, त्यांच्या विद्वानांना कळत नसलं तरी.

"उद्या उंबऱ्याची चाळीस मापं घ्या," साहेब म्हणाले. "ताजा आकडा हवा आहे त्यांना. दोघांना एकच कागद, एकाच वेळी."

"घेते."

"आठ एक्केचाळीसच येणार म्हणा." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "खडक आहे. खडक काय खाली बसतो?"

"नाही बसत."

"पण मी काय म्हणतो, दोर ओला झाला की थोडा ताणतो ना? हाताने मोजायचं म्हणजे इकडेतिकडे व्हायचंच. नऊ आले तर कुणाचं काही बिघडत नाही. जहाज रुतलं तर त्यांचं रुतेल. आपली कचेरी तीन मजली होते."

"दोर साठ सेंटिमीटर ताणायचा म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. तुम्ही मास्तरांच्या लेक आहात. त्यांनी एकदा पाणी कमी करून दाखवलं, तुम्ही जरा वाढवून दाखवा."

नकाशेवाला पुन्हा हसला. ती आपल्या टेबलाशी येऊन बसली आणि समोरच्या बंद घड्याळाकडे बघत राहिली. या माणसाने तिच्याकडे साठ सेंटिमीटरचं खोटं मागितलं होतं, आणि खरं त्याहून दहा-अकरा सेंटिमीटरने उदार होतं. ती खरं लिहील तर तो तिच्याकडे बघून डोळे मिचकावेल. आयुष्यभर मिचकावेल. तिला त्या डोळ्याची, त्याच्या कोपऱ्यातल्या ओलसरपणाची, आताच किळस आली. आणि ती खोटं लिहील तर ते तिच्या वडिलांचं खोटं असेल, जे मुळात खोटंही नव्हतं, नुसता एका आळसावलेल्या दुपारचा निष्काळजीपणा होता. निवड करायची तर निदान दोन धड गोष्टींतून करावी. इथे एका बाजूला लाळघोटेपणा होता, दुसरीकडे दंतकथा.

दंतकथा ती जेवताना ऐकत मोठी झाली होती. भरतीमास्तरांनी आरमार परतवलं. पहिल्यांची मोठी जहाजं येणार होती, मास्तरांनी उंबऱ्यावरचं पाणी कमी दाखवलं, जहाजं आलीच नाहीत, वर्षभराने पहिले कंटाळून निघून गेले. दुसऱ्यांनी आपल्या फुटकळ गस्ती बोटी आणल्या, त्यांना खोली लागत नव्हती. पाण्याकाठच्या गल्लीतली चारशे घरं त्यामुळे राहिली, नाहीतर तिथे कोळशाची कोठारं होणार होती. गल्लीतले लोक वडिलांना रस्त्यात थांबवत. न्हावी त्यांचे केस आधी कापे. लहानपणी तिला त्या गोष्टीचा अभिमान होता, मग कंटाळा आला, मग विज्ञान शिकल्यावर एक बारीक तिरस्कार, कारण माप खोटं लिहिणं हे तिच्या लेखी कोणत्याही कारणाने शौर्य नव्हतं. आता तर तेही गेलं होतं. माणसाने खोटं लिहिल्याचा तिरस्कार करता येतो. पण त्याने बेरीज चुकवली आणि नंतर ती चूक छातीवर बिल्ल्यासारखी लावली, याचं काय करायचं. हे तिच्या मनात चाललं असताना, म्हणजे ती वडिलांना मनातल्या मनात पुरतं सोलत असताना, तिला ते पांढरं जहाज आठवलं. तसं ते आधीपासून तिथेच होतं. ती नऊ वर्षांची असताना गावात ताप आला होता. पहिल्यांनी दवाखान्याचं जहाज पाठवलं, त्यांनी केलेली तेवढी एक माणसासारखी गोष्ट. ते उंबऱ्याबाहेर उभं राहिलं. खिडकीतून दिसायचं, नऊ दिवस, हिरड्यातून वर आलेल्या दातासारखं. ते आत का येत नाही असं तिने विचारलं होतं आणि वडील म्हणाले होते, पाणी कमी आहे गं. त्यांच्या आवाजात कुठलाही डाव नव्हता. लहान होड्यांनी रोज वीस-पंचवीस आजारी माणसं बाहेर नेत; लाट मोठी असली की कोणीच नाही. आईचं नाव यादीत होतं, उद्याच्या. खोलीत ओल्या फडक्यांचा वास होता. आई तिला म्हणाली, पाय दाब जरा, आणि तिने दाबले, आणि पाय नुकत्याच विझवलेल्या कंदिलाच्या काचेसारखे गरम होते. नवव्या दिवशी लाट मोठी होती.

तिने कागद ओढला. त्या जहाजाच्या नोंदी कचेरीतच होत्या, कोणीही कधी बघितलेल्या नसल्या तरी. जहाज पाण्यात नऊ मीटर बुडायचं. तळाखाली अर्धा मीटर मोकळं ठेवायचा नियम. म्हणजे साडेनऊ. भरतीच्या जुन्या छापील तक्त्यांप्रमाणे त्या दिवसांत पाणी शून्यापासून चढून चढून एक मीटर चढायचं. आठ एक्केचाळीस अधिक एक, नऊ एक्केचाळीस. कप्तानाने विचारलं होतं, मास्तरांनी कळवलं होतं, कप्तान बाहेर थांबला होता. नऊ सेंटिमीटर कमी पडले होते. तिने त्याच्याखाली रेघ मारली, सत्तर मिळवले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. नकाशेवाल्याने डब्याचं झाकण लावलं, त्याचा आवाज झाला.

घरी पोचली तेव्हा अजून ऊन होतं. वडील खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. सेवेतून निघून त्यांना दहा वर्षं झाली होती, लिहायला काही नव्हतं, तरी रोज तीन पेन्सिलींना टोक होत असे.

"टपरी उचलली धक्क्यावरची," ती म्हणाली.

"ऐकलं. न्हावी सांगत होता."

"खुंटी निघाली."

पेन्सिलीची साल लांब सुटत आली होती, ती तुटली. "किती आली?"

"तीन सत्तर."

"बुडबुडा मधोमध होता का?"

"दोनदा लावली. बाबा, तुम्ही सत्तर दोनदा मिळवलेत."

"मुद्दाम," वडील म्हणाले. हा शब्द ते इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाले की तो आधीच घासून गुळगुळीत झाला होता.

"मुद्दाम करणारा माणूस वहीत बेरीज मांडून ठेवत नाही. खाली सही करत नाही."

वडिलांनी चाकू मिटला. त्यांच्या मानेवर पांढरे खुंट होते, न्हाव्याने आधी कापलेल्या केसांच्या खाली, आणि तिला ते बघवेना, आणि बघवत नाही याचाही राग आला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिले जाताना. त्यांचे कागद बांधत होतो आम्ही. ती वही हातात आली."

"म्हणजे आई गेल्यावर."

"आठ महिन्यांनी."

"आणि मग तुम्ही लोकांना सांगितलंत की मुद्दाम केलं."

"मी नाही सांगितलं. लोकच म्हणाले. जहाजं आली नाहीत म्हणून ते खूश होते. मी फक्त नाही म्हणालो नाही." त्यांनी साली एका तळहातावर गोळा केल्या. "मग पुढे सांगायला लागलो."

ती तिथेच उभी होती. खिडकीबाहेर गल्ली उतरत पाण्यापर्यंत गेली होती, दोरीवर चादरी होत्या, कोणी तरी कोणाला तरी शिव्या देत होतं, प्रेमाने. तिला वाटलं होतं की हा माणूस खोटं बोलला तो न्हाव्याच्या खुर्चीसाठी. तसं असतं तर सोपं होतं, तिरस्काराला एक सरळ बूड मिळालं असतं. पण यांनी हिशेब केला होता, तिने आज केला तोच, नऊ सेंटिमीटरचा, बावीस वर्षांपूर्वी, एकट्याने. आणि त्यानंतर दोनच जागा उरल्या होत्या उभं राहायला. एक तर आपल्या आळसाने बायको मेली. नाहीतर चारशे घरांसाठी आपण जाणूनबुजून ते जहाज बाहेर ठेवलं. त्यांनी दुसरी घेतली होती. तिला चुकून मारण्यापेक्षा जाणूनबुजून मारलेलं त्यांना परवडलं होतं, आणि त्याबद्दल लोक रस्त्यात थांबवून त्यांचा हात हातात घेत होते, आणि ते घेऊ देत होते.

"उद्या मापं आहेत ना?" वडिलांनी विचारलं.

"चाळीस."

"काय लिहिशील?"

"जे येईल ते."

"नऊच्या वर जाईल."

"जाईल."

"मग गल्ली उठेल. कुठल्याही एकाची जहाजं आली तरी गल्ली उठणार. चारशे घरं आहेत."

"आकडा माझा नाही. खडकाचा आहे."

"खडक कोणाचं घर पाडत नाही," वडील म्हणाले. "आकडा पाडतो. मला विचार."

दिवसभर आपण स्वच्छ राहिल्याचा जो एक थंड आनंद ती मनात सांभाळत आली होती, तो तिला आता दिसला, आणि तो साहेबांच्या डोळ्याच्या कोपऱ्याइतकाच ओलसर निघाला. पहिले, दुसरे, साहेब, नकाशेवाला, वडील, अशी तिची तिरस्काराची एक यादी होती वर्षानुवर्षांची. खाली एक ओळ मोकळी राहिली होती एवढंच. पण त्याने खोली बदलत नव्हती. ती पाणी प्यायली. दोन्ही सत्तांना आठ एक्केचाळीस सांगून परत पाठवावं असा सल्ला कोणाही समजदार माणसाने दिला असता, आणि तो सल्ला बरोबरही असता. फक्त मग ते पांढरं जहाज पुढेही कायम बाहेरच राहणार होतं, नियमाप्रमाणे, योग्य कारणासाठी.

"पट्टीवर माणूस लागेल," ती शेवटी म्हणाली. "मी होडीत असणार. नकाशेवाल्याला सांगितलंय साहेबांनी."

"तो पट्टी वाचतो?"

"तो साहेबांचं तोंड वाचतो."

"मी येतो."

"नका येऊ."

"चौतीस वर्षं वाचली आहे," वडील म्हणाले, आणि तिन्हींपैकी सर्वांत टोकदार पेन्सिल त्यांनी शर्टाच्या खिशात खोचली.

दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. वडील धक्क्याच्या खालच्या पायरीवर, खुंटीपासून चार हातांवर, उकिडवे बसले. नकाशेवाल्याला त्यांनी घड्याळ धरायला सांगितलं आणि तो भरतीमास्तरांचा मान म्हणून ते धरून बसला. पट्टी काँक्रीटमध्ये होती, एका दिवसात हलवता येणारी नव्हती. तिच्यावरचे आकडे जुनेच होते, चुकीचे. तिने वडिलांना काय करा हे सांगितलं नाही. कोरी वही दिली, दोन रकाने आखलेली, आणि होडीत जाऊन बसली. नावाडी गप्प माणूस होता. उंबऱ्यावर पोचल्यावर पाण्याचा रंग किंचित उजळ झाला. तिने शिशाचा गोळा सोडला, दोर उभा होईपर्यंत थांबली, वाचलं, वेळ लिहिली. दोर आदल्या रात्रभर भिजवून, ताणून, पोलादी फितीवर ताडून घेतला होता. तो आता आणखी ताणणार नव्हता. दर चार मिनिटांनी एक. गोळा खडकाला लागला की हाताला एक बारीकसा ठोका येत असे, आतून कोणी दार वाजवल्यासारखा. बाहेर जिथे ते जहाज नांगरलं होतं तिथे काहीच नव्हतं, पाणी होतं. चाळीस मापं व्हायला पावणेतीन तास लागले. धक्क्यावर, लहान दिसणारा, वडिलांचा पांढरा सदरा मधून मधून वाके आणि सरळ होई. तिथे ते काय लिहीत आहेत हे तिला दिसत नव्हतं. त्यांनी पट्टीवरचा आकडा सत्तरने वाढवून लिहिला तर सत्तर वजा करूनही आठ एक्केचाळीसच येणार, आणि ती तपासायला गेली तरी पाणी तेव्हा कुठे होतं हे आता कोणाला सांगता आलं नसतं. चाळीस वेळा ते त्यांच्या हातात होतं.

होडी लागली तेव्हा साहेब आले होते. "काय, ताणला का दोर?" ते हळूच म्हणाले आणि त्यांनी डोळा मिचकावला. ती त्यांच्या बाजूने पुढे गेली. वडिलांनी वही मिटून तिच्या हातात दिली, पेन्सिल खिशात ठेवली, आणि पायरीला हात टेकून उठायला लागले. तिने त्यांना कोपराला धरून उठवलं. मग तिथेच पायरीवर बसून तिने दोन वह्या शेजारी शेजारी उघडल्या. वडिलांच्या पहिल्या रकान्यात पट्टीवरचा आकडा होता. दुसऱ्या रकान्यात, त्याच ठळक, उभ्या अक्षरात, चाळीसच्या चाळीस ओळींत लिहिलं होतं: वजा ०.७०, आणि पुढे बाकी. एकही ओळ "वरीलप्रमाणे" म्हणून सोडलेली नव्हती. तिने सर्वांत उथळ माप शोधलं. सत्ताविसावं, दहा वाजून चौरेचाळीस मिनिटं. दोर, ९.५३. पट्टी, १.१२, वजा ०.७०, बाकी ०.४२. तिने छापील कागद गुडघ्यावर घेतला, वडिलांच्या खिशातली पेन्सिल मागून घेतली आणि लिहिलं.

उंबऱ्यावरची किमान खोली, सर्वांत खालच्या ओहोटीपासून: नऊ मीटर अकरा सेंटिमीटर.